मला डांबलं होतं

ताईनं माझी वेणी कापली. सगळ्यांसमोर. कोथिंबीर कापायच्या कात्रीनं.

पाहुण्यांच्या आमटीत केस निघाला होता. ताईनं मला दंडाला धरून हॉलमध्ये आणलं, खाली बसवलं. "आता परत निघणार नाही," म्हणाली आणि कात्री चालवली. पाहुणे आपलेच. पुण्या-मुंबईचे, आयटीतले. एकजण हसला. एक बाई मोबाईलमध्ये बघत राहिली. ताईचा नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, जेवण गार होतंय." मग मीच माझे केस झाडून गोळा केले, हात धुतले आणि पोळ्या वाढल्या.

मी एकोणीस वर्षांची. माझी आई पुण्यात ताईच्या आईकडे धुणीभांडी करायची. "आयर्लंडला चल, बाळ सांभाळ, तुला शिकवते," असं ताई म्हणाली म्हणून मी आले. विमानतळावरच तिनं माझा पासपोर्ट काढून घेतला. सँडीफोर्ड भागातल्या ताईच्या फ्लॅटमध्ये उठल्यापासून बाळ, स्वयंपाक, संडास-बाथरूम. झोपायला पाळण्याशेजारी सतरंजी. पगार नाही. फोन नाही. "एकटी बाहेर गेलीस तर गार्डा पकडतील," ताई सांगायची. गार्डा म्हणजे इथले पोलीस. "जेलमध्ये सडशील. तुझ्या आईचंही काम जाईल."

दारावर कुणी आलं तरी मी बाथरूममध्ये जाऊन लपायचे.

वेणी कापली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं मला कचरा टाकायला खाली पाठवलं. लिफ्टच्या आरशात मी मला दिसले. वाटलं, उद्या ही आणखी काय कापेल? धाडस वगैरे काही नव्हतं. परत वर जायचीच भीती जास्त वाटली. पिशवी टाकली आणि चालत सुटले. पायात घरातल्या सपाता.

ट्रामच्या स्टॉपवर एक म्हातारी बाई उभी होती. मी एवढंच म्हटलं, "पोलीस." तिनं माझ्या डोक्याकडे बघितलं, माझा हात धरला आणि मला गार्डा स्टेशनात घेऊन गेली. दारातच वाटलं, आता हे आत टाकणार.

त्यांनी मला खुर्ची दिली. फोनवर मराठी दुभाष्या जोडून दिला. तो म्हणाला, "घाबरू नका. तुम्ही सांगा, मी ऐकतोय."

तुम्ही! मला? मी हुंदके देत सगळं सांगितलं.

संध्याकाळी गार्डा मला घेऊन फ्लॅटवर गेले. ताई गोड आवाजात म्हणाली, "अगं, तू घरातलीच ना? सांग की यांना."

ताईची भीती होतीच. तरी बोलले. "मी घरातली नाही. मला इथं डांबलं होतं. माझा पासपोर्ट द्या."

दिला.

आता मी दुसरीकडे राहते, बायकांच्या एका निवाऱ्यात. आईचा फोन आला. "मला कामावरून काढलं गं. तक्रार मागं घे. त्यांच्यापुढं आपण कुठं पुरे पडणार? माफी माग, बाई."

"आई, तू दुसरं घर धर," मी म्हटलं. "मी माफी मागणार नाही."

कोर्टात ताई समोर असेल. तिचा वकील मला खोटी म्हणेल. म्हणू दे. मी तिच्याकडे बोट दाखवून सांगणार आहे, हिनं मला गुलाम केलं होतं.