चुलत्यांनी घातलेला मोडता

संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात माझी निवड झाली, पण पक्कं पत्र मिळायचं बाकी होतं. त्याआधी कोणीतरी गावात येऊन माझी चौकशी करणार होतं. कधी, ते सांगत नाहीत, आणि तुम्हीही गावात बोलायचं नाही अशी तंबी. घरात आईवडलांना तेवढं माहीत होतं.

मला वाटलं, जीप येईल आणि त्यातून काळा चष्मा उतरेल. आला तो स्कूटरवरून. पन्नाशीचा, पायात चपला, खांद्याला कापडी पिशवी. किराणा दुकानापाशी थांबून आधी कांद्याच्या भावावर हळहळला, मग सहज माझ्याबद्दल विचारायला लागला.

आमच्या आंबेगावात अनोळखी माणूस मुलीची चौकशी करतो, याचा अर्थ एकच होतो. चहा संपायच्या आत गावभर झालं की माझं स्थळ आलंय. त्याचे प्रश्नही तसलेच होते. स्वभाव कसा, कोणाशी भांडण आहे का, नात्यात कोणी परदेशात आहे का. परदेशातला नातेवाईक म्हणजे मुलीचं वजन वाढणार, म्हणून शेजारच्या मावशींनी माझ्या मामाला थेट दुबईला धाडून दिलं. मामा कळंबला पंक्चर काढतो. दुकानदारानं मला सुगरण करून टाकलं. माझ्या पिठल्यात अजून गुठळ्या होतात. एकानं तर मी फार गरीब स्वभावाची, वर मान करून बोलत नाही, असंही सांगितलं. आणि मी बसले होते घरात दात-ओठ खात, कारण खरं काय ते सांगायची सोय नव्हती.

त्या माणसाचं कसब मला नंतर कळलं. कौतुकाला तो नुसती मान डोलवत होता. निघताना त्यानं एवढंच विचारलं, यांचं गावात पटत नाही कोणाशी? आणि स्कूटर सरळ माझ्या चुलत्यांच्या कांदाचाळीकडे वळवली.

चुलत्यांचं आणि आमचं बोलणं मी आठवीत असल्यापासून बंद होतं. बांधावरचा हद्दीचा दगड आमच्या फायद्याला सरकला होता. वडील म्हणत, ट्रॅक्टरचा धक्का लागला. मोजणीला आलेल्या साहेबानं मला बाजूला घेऊन विचारलं, तू काही पाहिलंस का, आणि मी सांगून टाकलं की दगड वडलांनी पहारीनं हलवला. पट्टी चुलत्यांना परत मिळाली आणि घरात कितीतरी दिवस मला कोणी धड हाक मारली नाही. वडील मात्र भावकीत, चारचौघांत, सगळीकडे ट्रॅक्टरवरच अडून राहिले.

भावाच्या मुलीचं लग्न मोडायची आयती संधी चुलते कशाला सोडतात? त्यांनी सगळं मीठमसाला लावून सांगितलं. "सख्ख्या बापाला उघडा पाडला तिनं. असली सून न्याल, तर तुमचं काय बी झाकून ऱ्हायचं न्हाई."

काकू आमच्याशी चोरून बोलतात. परसातून येऊन त्यांनी हे मला सांगितलं. गुपितं सांभाळायची नोकरी, आणि माझ्या पोटात काही राहत नाही हे चुलत्यांनी नेमकं तिथेच सांगितलेलं.

थोड्या वेळानं स्कूटर आमच्या दारात आली. मागोमाग मोडलेलं लग्न बघायला चुलतेही आले आणि गोठ्यापाशी उभे राहिले. त्या माणसानं मला एकच विचारलं. दगडाचं आणखी कोणाकोणाला सांगितलं होतं? मी म्हटलं, कोणालाच नाही. साहेब तेच विचारायला आला होता, म्हणून त्याला सांगितलं. मैत्रिणींनाही कधी बोलले नाही.

मग तो वडलांकडे वळला. मुलगी तेव्हा खरं बोलली होती का?

वडील ट्रॅक्टर म्हणाले असते, तर मी खोटारडी ठरले असते आणि नोकरी गेली असती. पहार म्हणाले असते, तर इतकी वर्षं जपलेली अब्रू गेली असती, तीही सख्ख्या भावासमोर. मला त्या स्कूटरवाल्याचा भयंकर राग आला. चुलत्यांना त्यानं मुद्दामच मागे येऊ दिलं असणार.

"खरं बोलली ती," वडील म्हणाले. "मीच हलवला व्हता."

त्या क्षणी मला ती नोकरी नकोशी झाली. चुलत्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते ऐकायला मिळालं, तर त्यांना काय करावं ते सुचेना. ते तसेच निघून गेले. स्कूटरवाल्यानं शांतपणे चहा घेतला आणि उठताना दुबईच्या मामांना नमस्कार सांगायला सांगितला.

पत्र आलं. गावाला अजून वाटतं की माझं चांगलं स्थळ चुलत्यांनी मोडलं. मावशी तर त्यांना येता-जाता शिव्या घालतात, आणि मला त्यात सुख आहे, म्हणून मी काही सांगत नाही. रुजू व्हायला निघाले त्या सकाळी वडील मंचरच्या स्टँडवर सोडायला आले. एसटीत बॅग चढवून खिडकीखाली उभे राहिले.

"नीट कर नोकरी," म्हणाले. "मला लई महागात पडलीय."