आयोवाचा दुसरा जिल्हा आणि आईचा डबा

आयोवा मी पाहिलेलं नाही आणि पाहायची इच्छाही नाही. तरी त्या राज्याच्या दुसऱ्या जिल्ह्याच्या कडेने कुठली नदी वाहते आणि तिथे मका किती पिकतो हे मला पाठ आहे. हे ज्ञान मला लॉकडाऊनने दिलं. लोकांनी त्या काळात केक शिकून घेतले, आमच्या वाट्याला आयोवा आलं.

आइंडहोवनमध्ये आमची चार मराठी घरं. चारही नवरे चिप बनवण्याच्या यंत्रांच्या नोकरीत, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं हा चौघांचाही समज. आमची महिन्याची भिशी असायची. तिच्यातला पैशांचा भाग केव्हाच गळून पडला होता. एकेकाच्या घरी जमायचं, बायकांनी खायला करायचं आणि पुरुषांनी राजकारणावर बोलायचं, एवढंच उरलं होतं. घरी माणसं बोलवू नका असा इथल्या सरकारचा हुकूम निघाला तेव्हा खाणं बंद झालं आणि राजकारण व्हिडिओ कॉलवर गेलं.

बरं, या चौघांपैकी कुणालाच कुठे मत नव्हतं. पुण्याच्या यादीत नावं होती, पण पुण्याला जायला विमानं नव्हती. इथल्या संसदेसाठी परदेशी माणसाला मत नाही. मग अमेरिकेची निवडणूक आली आणि यांना ऊत आला. चौथ्या घरच्यांचा मेहुणा आयोवात शिकवायला होता आणि त्या राज्यातून अमेरिकेच्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, खालच्या सभागृहात चारच खासदार जातात. तिथे मतदारसंघाला डिस्ट्रिक्ट म्हणतात, म्हणून आम्हीही जिल्हाच म्हणू लागलो. चार घरं, चार जिल्हे. माझ्या नवऱ्याला यात ईश्वरी संकेत दिसला.

भिशीसारख्याच चिठ्ठ्या टाकायच्या ठरलं. ज्याला जो जिल्हा येईल त्याचा तो पालकमंत्री. आपल्या जिल्ह्यातून कोण निवडून येणार हे पालकमंत्र्याने आधी जाहीर करायचं, आणि चुकला तर बाकीच्या तिन्ही घरांना पुरणपोळ्या करून पोचवायच्या. माझा नवरा निवडणूक आयुक्त झाला. त्याला कुणी नेमलं, हे विचारायची सोय नव्हती. आम्हाला चौथा जिल्हा आला, तिथे कोण जिंकणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यामुळे दुसऱ्यांच्या जिल्ह्यांत नाक खुपसायला नवरा मोकळा राहिला.

दुसरा जिल्हा आला नवऱ्याच्या कॉलेजातल्या मित्राला, म्हणजे आमच्या भावजींना. दोघं पुण्यात होस्टेलच्या एकाच खोलीत राहिलेले, इथे दोन गल्ल्यांच्या अंतरावर. चिठ्ठी त्यांच्याच सहा वर्षांच्या मुलीने उचलली होती आणि आयोवा हे एखाद्या खाऊचं नाव असावं अशा आशेने ती कॅमेऱ्याकडे बघत होती. भावजींनी जिल्ह्याचा अभ्यास सुरू केला तो साताऱ्या-सांगलीच्या धर्तीवर. मका म्हणजे आपला ऊस समजा, असं ते म्हणाले. मग तिथला कारखाना कुणाच्या ताब्यात आहे, दूध संघ कुणाकडे आहे, याचा शोध झाला. कारखाना काही सापडला नाही. तेव्हा बंडखोरी होणार असं ठरवून त्यांनी आपला अंदाज दिला. दोन्ही उमेदवार बायका होत्या, त्यांतली एक त्यांनी निवडली.

हा सगळा पोरखेळ होता आणि तो पोरखेळच राहिला असता. पण भावजींच्या बायकोचे, म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, त्याच नोव्हेंबरात दिवस भरत होते. तिच्या आईची पुण्यात बॅग भरलेली होती आणि ती बॅग तशीच पलंगाखाली गेली. दवाखान्यात बाळंतिणीसोबत एकच माणूस चालेल, मोठ्या मुलाला आणायचं नाही, असा नियम होता. मग मुलीला कुठे ठेवायचं? मी म्हटलं, माझ्याकडे. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? मुलीला आम्ही दोघींनी मिळून पढवलं की बाळ यायची वेळ झाली की तू मावशीकडे यायचंस. मी डिंकाचे लाडूसुद्धा आधीच करून धाडले, माझ्या आईचं नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात.

निवडणूक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा हातात घेऊन आयुक्तांनी ग्रुपवर जाहीर केलं, "दुसरा जिल्हा पडला. पालकमंत्र्यांनी डाळ शिजत घालावी." दोन दिवसांत तिकडचे आकडे बदलले आणि भावजींची बाई पुढे गेली. भावजींनी आयुक्तांकडे जाहीर माफीची मागणी केली. आयुक्त म्हणाले, मोजणी पूर्ण होऊ दे. मग आकडे पुन्हा फिरले. आयुक्तांनी डाळीचा फोटो टाकला.

"घरात नऊ महिने भरलेत आणि तुला पोळ्या सुचतायत?" भावजींनी लिहिलं.

"पोळ्या तू लाटायच्यास. वहिनींना कोण सांगतंय?" नवऱ्याने उत्तर दिलं.

"तुला होस्टेलपासून दुसऱ्याला पडलेला बघायची हौस आहे."

हे वाक्य आयोवाबद्दल नव्हतं. नवऱ्याने होस्टेलमधली काहीतरी जुनी गोष्ट काढली, भावजींनी त्याहून जुनी काढली आणि ग्रुप सोडला. मी मैत्रिणीला लिहिलं की या दोघांना भांडू दे, आपल्याला काय करायचंय. तिने फक्त वाचलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या दाराशी सुपरमार्केटची पिशवी टांगलेली होती. आत माझा डबा. घासलेला, पुसलेला आणि रिकामा.

आपल्यात शेजारणीचा डबा रिकामा परत देत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर टाकतात. हे तिलाही माहीत होतं, माझ्याइतकंच. दहा ओळींचं भांडण लिहिलं असतं तर मी विसरले असते. त्या चकचकीत तळात माझं तोंड दिसलं आणि मी पेटले. नवऱ्याच्या मूर्खपणावर तिने मला शिक्षा द्यावी? मग मीही फोन केला नाही. राहू दे तिला तिच्या दुसऱ्या जिल्ह्यात, असं मी मोठ्याने म्हटलं. नवरा म्हणाला, जाऊ दे ना. ज्याने आग लावली तोच पाण्याची बादली घेऊन हिंडत होता.

पण रोज सकाळी मी मुलीसाठी लावलेला पलंग बघत होते. चादर मी काढली नव्हती. तारीख जवळ येत होती आणि ती कुणाला बोलावणार, हे मला कळत नव्हतं. विचारायचं तर नाक आडवं येत होतं.

एका सकाळी, नवरा पहिल्या मीटिंगला बसायच्या आधी, बेल वाजली. दारात ती पोरगी. पाठीवर शाळेची बॅग, पायात उलटे घातलेले बूट, हातात टूथब्रश.

"मावशी, बेबी इज कमिंग. आय हॅव टु कम हिअर."

"आई कुठे आहे?"

"होम. शी इज क्रायिंग अ बिट. बाबा इज कॉलिंग एव्हरीबडी, बट नोबडी कॅन कम."

मला रडू आलं आणि रागही आला. दोन गल्ल्यांवर मी असताना ही माणसं गावभर फोन करत होती. मोठ्या माणसांचं बोलणं बंद आहे हे पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि तिला ते महत्त्वाचं वाटलं नसेल. वेळ झाली की मावशीकडे, एवढं तिला पाठ होतं.

मागून भावजी धावत आले. अंगात घरचा टी-शर्ट, एका कानाला लटकलेला मास्क. पोरगी सापडली हे बघून ते आमच्या फाटकाला धरून वाकले. नवरा माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. आता दोघांपैकी कुणी एकाने होस्टेल काढलं असतं तर मी दोघांनाही झोडपलं असतं.

"टॅक्सी?" नवऱ्याने विचारलं.

"अर्धा तास म्हणतायत."

नवऱ्याने किल्ली उचलली. मीटिंग तशीच टाकून तो घरच्या चपलांवर गाडीकडे गेला. गाडीच्या सगळ्या काचा खाली, तिघांच्या तोंडाला मास्क, नोव्हेंबरातली ती थंडी, अशी ती वरात दवाखान्यात पोचली. संध्याकाळी भावजींचा फोन आला तो नवऱ्याला. "मुलगी झाली," ते म्हणाले. नवरा म्हणाला, "छान," आणि लगेच फोन माझ्या हातात दिला. पलीकडे मैत्रीण होती. दोघी बोललो कमी आणि रडलो जास्त.

बारशाला प्रत्यक्ष आम्ही दोघंच, बाकी सगळे पडद्यावर. पुण्याची आजी पडद्यातूनच पाळणा म्हणत होती, आवाज अर्धा सेकंद मागे. निघताना मैत्रिणीने माझ्या हातात एक डबा दिला. तिचा, माझ्या डब्यापेक्षा मोठा. इथे बाळ झालं की टोस्टवर घालून वाटतात, त्या गुलाबी-पांढऱ्या बडीशेपेच्या गोळ्यांनी तो काठोकाठ भरलेला होता. "त्या दिवशी मी साखरसुद्धा टाकली नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "आता व्याजासकट आली."

नवरा दाराशी फोन बघत होता. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. दुसऱ्या जिल्ह्याचा निकाल त्याच दिवशी लागला होता. फरक इतका थोडा की आमच्या चार घरांतली माणसं तिकडे असती तर पुरली असती. आणि जिंकली होती ती पहिल्या सकाळी नवऱ्याने सांगितलेलीच बाई. ज्या माणसाला स्वतःचं बरोबर आलेलं दहा वर्षं जुनं गणितही चारचौघांत सांगावंसं वाटतं, त्याच्या हातात हे होतं.

बाळाला खांद्यावर घेऊन भावजी बाहेर आले.

"काय रे, त्या दुसऱ्याचं काय झालं शेवटी?"

"मोजतायत अजून," नवरा म्हणाला आणि त्याने फोन खिशात टाकला. मग त्याने बाळाला घ्यायला दोन्ही हात पुढे केले.