पुट बाय म्हणजे दप्तरी दाखल

अमेरिकेत नोव्हायला मुलाकडे राहायला आलो, तेव्हा कलेक्टर कचेरीतली तीस वर्षं मागे सुटली असं मी धरून चाललो होतो. नातीने ती पुन्हा टेबलावर आणली.

ती इतिहासात पीएचडी करते. विषय असा, की इंग्रज सरकार चीनशी कसं वागायचं हे ठरवायचं कसं. हाँगकाँग वसाहतींच्या खात्याकडे, पेकिंगमधला राजदूत परराष्ट्र खात्याकडे, आणि अफूचं नाव निघालं की हिंदुस्थानचं खातं मधे. कागद तिन्हीकडे फिरायचा, प्रत्येक जण समासात दोन ओळी खरडायचा. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आपण उगीच आपलंच समजत होतो.

तिचा जीव एका पत्रात अडकला होता. हाँगकाँगच्या एका कनिष्ठ कारकुनाने लिहिलं होतं, की पेकिंगला आपण एक बोलतो आणि इथे अफूचे परवाने देतो, हे फार दिवस चालणार नाही. समासात लंडनच्या साहेबाचा शेरा होता, 'पुट बाय'.

"म्हणजे त्यांनी ते सेव्ह करून ठेवलं, आजोबा. नंतर यूज करायला. माझा फोर्थ चॅप्टर पूर्ण त्याच्यावर आहे. नेक्स्ट वीक सबमिट करतेय."

इंग्रजी तिचं जन्माचं, माझं कचेरीतलं. सांगावं की नाही या विचारात माझा चहा गार झाला. तिचे परीक्षक कदाचित फसलेही असते, पण शेऱ्याचा चुकीचा अर्थ मला सहन होत नाही. तो माझा स्वभावच.

"बाळ, हे जपून ठेवणं नव्हे. हे दप्तरी दाखल. उत्तर नाही, कारवाई नाही, फाईल बंद."

ती चिडून वर निघून गेली. तासाभराने खाली आली तेव्हा चेहरा उतरला होता. तिने तपासून पाहिलं होतं, तो शेरा असलेला प्रत्येक कागद तिथेच संपला होता. मला फार वाईट वाटलं.

"म्हणजे कोणी वाचलंच नाही? त्याने किती केअरफुली लिहिलं होतं."

"वाचलं. नीट वाचलं. किरकोळ कागद आम्ही खालच्या टेबलाकडे ढकलायचो. खरा आणि अडचणीचा असेल, तोच दप्तरी दाखल करायचो."

"आम्ही?"

मग मी तिला एका मास्तरांच्या अर्जाबद्दल सांगितलं. शाळेच्या वाटेवरचा पूल धोक्याचा झालाय, असं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. शेरा माझ्या हातचा होता.

"मग पूल पडला?"

"पडला. रविवार होता म्हणून मुलं वाचली."

मग तिने लॅपटॉप उघडला, चौथ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य खोडलं आणि तिथे लिहिलं, हे पत्र वाचलं गेलं होतं.