बियाण्याचं टमाटं

राखेत घोळलेल्या त्या चपट्या, बारीक बिया आईनं फुटक्या खापरावर वाळत घातल्या तेव्हा न्हाणीमागच्या उन्हाला एक आंबूस वास आला होता... टमाट्याचा. झरी गावातल्या आमच्या गल्लीत तो वास दुसऱ्या कुठल्याच घरी नव्हता. कारण निजामाच्या राज्यातल्या त्या वर्षांत टमाटं म्हणजे विलायती, विटाळाचं फळ, निदान आमच्या घरातल्या शहाण्यांच्या मते.

त्या शहाण्यांचे मुकादम म्हणजे आप्पा, माझे थोरले चुलते. कपाळभर भस्म, गळ्यात लिंगायतांच्या इष्टलिंगाची चांदीची डबी आणि तोंडात सदा दुसऱ्याच्या ताटाची चौकशी. "मासाच्या रंगाचं फळ हाय ते," ते ओसरीवरून बजावायचे, "लिंग बांधलेल्या घरात शिजायचं न्हाई." माझे वडील थोरल्या भावापुढे मान हलवण्यापलीकडे काही करत नसत, त्यांच्याविषयी याहून अधिक लिहावं असं काही नाही.

"शिजवत न्हाई मी, नुसतं लावते," एवढंच आई म्हणाली. परभणीच्या दवाखान्यात कंपाउंडर असलेल्या मामानं एक पिकलं टमाटं कागदात गुंडाळून आणलं होतं, त्याचंच ते बी. फुटक्या घागरीत रोपं उगवली, वीतभर झाली, आणि दसऱ्यानंतरच्या एका कलत्या उन्हात तिनं ती न्हाणीच्या पाण्याच्या कडेला लावली, अर्धा दांडा मातीत गाडून, कारण गाडलेल्या दांड्यालाही मुळं फुटतात म्हणे. मग तुराट्यांचे आधार, जुन्या लुगड्याच्या चिंध्या, बुडाशी कुजलेलं शेणखत, मावा दिसला की चुलीतली राख, जमिनीला टेकलेली पानं खुडून टाकणं... "पानावर पाणी घालू नको, मुळाला घाल," ती मला सांगायची. तिची बोटं त्या पानांनी हिरवी-पिवळी व्हायची आणि भाकरी वाढतानाही त्यांना तो उग्र, रानटी वास यायचा. मला तो फार आवडायचा.

पौषात घोस लाल झाले. सगळ्यांत मोठं, अगदी खालच्या पानांआड दडलेलं टमाटं आईनं हेरलं आणि त्याच्या देठाला लुगड्याच्या काठाचा हिरवा धागा बांधला. "हे तोडायचं न्हाई. बियाचं हाय. ह्याचं बी धरलं की मामापुढं हात पसरायला नको." बी काढल्यावर उरलेला गर आम्ही मायलेकींनी मीठ लावून खायचा, असं ठरलं होतं. तोवर तिनं एकही टमाटं चाखलं नव्हतं.

त्याच आठवड्यात तहसीलदारांचा दौरा गावात आला, आणि त्यांच्या बावर्च्यानं चावडीवर विचारलं, टमाटे कुठं मिळतील? आप्पांना आपल्या दिवट्या चिरंजीवांना कचेरीत कारकून म्हणून चिकटवायचं होतं. चार महिने ज्या रंगानं त्यांना मळमळत होतं, तो रंग एका क्षणात पवित्र झाला. जन्मात पहिल्यांदा ते न्हाणीमागे आले, धोतर सावरत, हातात टोपली घेऊन, आणि लिंगाच्या डबीसकट ओणवे होऊन घोसच्या घोस ओरबाडू लागले.

"आणिक हाय का ग कुठं?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात त्याआधी कधी माझ्या डोक्यावर आला नव्हता. "हुजुरांना सांगतो, आमच्या पोरीनं निवडून दिलेत म्हणून."

मी सात वर्षांची होते. हे कारण मी स्वतःला पुष्कळदा देऊन पाहिलं आहे, पटत नाही. मी खालची पानं बाजूला केली.

पिठाचे हात तसेच घेऊन आई मागच्या दारात आली. "आप्पा, तेवढं एक ठेवा. बियाचं हाय."

"मग हुजुरापुढं उणी टोपली न्यायची का?" म्हणत त्यांनी ते खुडलं. धागा तुटून चिखलात पडला.

काम झालं तसा विटाळ पुन्हा विटाळ झाला, आणि दुसऱ्या दिवशी आप्पांनी झाडं मुळासकट उपटून उकिरड्यावर टाकली. चुलतभावाला कारकुनी मिळाली नाही, याचा आनंद मला अजून होतो. मामाची बदली दूर झाली. बी पुन्हा आलं नाही. आईनं मला एका शब्दानंही बोल लावला नाही, जेवायला वाढलं, एवढंच. पुढे बाजारात टमाट्यांचे ढीग लागले, तरी तिनं ते कधी पिशवीत घेतले नाहीत.

आप्पांची नातवंडं हल्ली लग्नाच्या पंगतीत टमाट्याच्या चकत्या आधी उचलतात आणि आजोबांच्या कडक आचाराच्या गोष्टी सांगतात. मी ऐकते, पाणी पिते.

माझ्या गच्चीवर दर वर्षी टमाट्याची रोपं असतात, अर्धा दांडा गाडलेली. पहिल्या फळाला मी हिरवा धागा बांधते. बी धरायची वेळ आली की ते फळ मी नातीला तोडायला लावते. माझ्या हातावर माझा अजून विश्वास नाही.