धुरपदाबाईच्या दावणीला अकरा स्कुट्या

धुरपदाबाई भूमकडची लेक. लगीन होऊन ठेसनाजवळच्या ह्या गावात आली तवा बारक्या रुळाची गाडी व्हती, रांगत यायची. पुढं मोठी गाडी आली. पण धुरपदाबाईला गाडीचं काय? तिची सारी दुनिया म्हंजे घरामागचा गोठा. बाजारात नवरा बलभीम बैलाचं दात बगायचा आन् ही बैलाचं डोळं. तिनं मान हलवली तरच सौदा व्हायचा.

बलभीम वारला तवा लेक रणधीर पुण्यास्नं आला. म्हणला, "आई, आता एकली ऱ्हाऊ नको. चल."

"गोठ्यात जनावर हाय तवर म्या हलत न्हाय," धुरपदाबाई म्हणली. "ज्या दिशी गोठा रिकामा, त्या दिशी येते."

चार माणसांत बोलली, शब्द दिल्यागत झालं. आन् यंदा चैतात शेवटचा बैल, कवड्या, म्हातारा होऊन गेला. रणधीरचा फोन आला, "पोळ्याला येतो. पोळा झाला की निगायचं. तूच बोल्ली व्हतीस." धुरपदाबाई पहाटं उठून सवयीनं पाटी घेऊन गोठ्यात जायची, आन् तिथं शेणच न्हाय. उभ्या उभ्या माघारी यायची.

आता ठेसनाचं सांगते. सकाळच्या गाडीनं लातूरला कामाला जाणाऱ्या पोरी लई. कुणी दवाखान्यात, कुणी दुकानात, कुणी शिवणकामाला. वाड्यावस्त्यांवरनं स्कुटीवर यायचं, ठेसनाबाहेर स्कुटी लावायची, गाडी धरायची. तिथं नवा ठेकेदार आला. त्याची पावती बारा तासांची, वर एक मिनिट गेलं की डबल. आन् गाडी जायाची सहा पन्नासला, यायची सात-सव्वासातला. म्हंजे रोजच डबल! ज्यानं बारा तास ठरवलं त्याला गाडीचं टायम पक्कं ठाव असणार, माझं तर असंच म्हणणं हाय.

एके दिशी सांच्याला शाहिस्ता पावतीवाल्यासंगं भांडत व्हती. दवाखान्यात रगत तपासायच्या कामाला जाणारी पोर. धुरपदाबाई ठेसनाला लागूनच असलेल्या आपल्या गोठ्याच्या कुंपणापाशी उभी. पोर रडकुंडीला आली तशी हिनं हाक मारली, "काय झालं गं बाई?"

"काय सांगू अम्मा! गाडीत बसायला कमी पैसे, स्कुटी उभी करायला जास्त. घरी म्हणत्यात, पगार ठेसनातच ठिवून येतीस तर जातीस कशाला? बस घरी."

धुरपदाबाईनं मागं वळून गोठ्याकडं बगितलं. "माझ्यात लाव की मग. मोकळाच हाय."

दुसऱ्या दिशी शाहिस्ताची एक स्कुटी आली. आठ दिसांत अकरा झाल्या. आन् धुरपदाबाईनं काय करावं? अकराच्या अकरा दाव्यानं खुंट्याला बांधल्या, बैलाची गाठ मारून! सांच्याला गाडी लेट, अंधार पडलेला, पोरींस्नी गाठ सुटंना.

"अम्मा, हिला कुलूप असतंय!"

"कुलूप चोरासाटी. दावं हिच्यासाटी. नवी जागा हाय, बिथरली म्हंजे?"

पोरी हसून हसून खाली बसल्या. शाहिस्तानं इचारलं, "पैसे किती द्यायचे?"

"दावणीला बांधलेल्याचं रोजचं भाडं घेत्यात व्हय? सुगीला एकेक पायली जवारी घाला, झालं."

ठेकेदाराचा माणूस आला एकदा तावातावानं. "आजी, लायसन हाय का?"

"माझ्या गोठ्यात काय बांधायचं ते आजवर कुणाला इचारलं न्हाय. तू दमलाईस, बस. च्या घे." त्यो च्या पिऊन गेला, परत आला न्हाय.

पोरी गोठ्यात दोन घटका टेकायच्या, बोलायच्या. त्यातनं धुरपदाबाईला कळलं की गाडीत नळाला पाणी न्हाय, संडासाच्या दाराला आतनं कडी न्हाय. म्हणून पोरी दिसभर पाणीच पीत न्हाईत. ती भडकलीच. "आगं, मुकं जनावर बी तान्हेलं ठिवत न्हाय आमी!" तिनं एक नरम दावं दिलं, आतनं दार बांधायला. आन् दम दिला, "आता अर्ज करा." अर्जावर अकरा सह्या आन् बारावा धुरपदाबाईचा अंगठा. दोन अर्ज गेले, मग कडी बसली, नळाला पाणी आलं. शाहिस्ता त्या सांच्याला गाडीतनं बाटली भरून घेऊन आली, "अम्मा, हात धुवा, आपल्या नळाचं हाय!"

असा पोळा आला. आदल्या सांच्याला बैलांच्या खांद्यांची मळणी, खांदेमळणी. हिनं अकरा स्कुट्यांच्या दांड्यांना हळद-तूप चोळलं, पोरींचे हात वास मारत घरी गेले. पोळ्याच्या दिशी सकाळी पोरी स्कुट्या लावून गेल्या की हिनं त्या धुतल्या, बैलांच्या जुन्या झुली काढून घातल्या, आरशाला गोंडं बांधलं, फुडं बाशिंग लावलं.

दुपारी रणधीर मोटार घेऊन आला. गोठ्यात येऊन उभाच ऱ्हायला.

"आई, ह्ये काय?"

"दावण. मोज."

"हे जनावर हाय व्हय?"

"सकाळी बांधावं लागतं, सांच्याला सोडावं लागतं. उन्हातनं सावलीत वढावं लागतं. एक दिस म्या झोपले तर अकरा घरं अडून ऱ्हात्यात. अजून काय पायजे जनावराला?"

रणधीर बी तिचाच लेक. म्हणला, "बरं. आज पोळ्याच्या मिरवणुकीत गावानं ह्या स्कुट्या वेशीच्या तोरणाखालनं जाऊ दिल्या तर म्या गप जातो. न्हायतर तू माझ्यासंगं."

"कबूल," धुरपदाबाई म्हणली.

सांज झाली. वेशीत तोरण बांधलं, बैल रांगंला लागले, हलगी वाजायला लागली, आन् गाडी काय येईना! पोरींबिगर स्कुट्या कोण चालवणार? धुरपदाबाई कुंपणाला धरून रुळाकडं बगत व्हती. रणधीर हळूच घड्याळ बगत व्हता.

शिट्टी वाजली. पोरी पळतच आल्या. धुरपदाबाईनं एका दमात सारं सांगितलं. शाहिस्तानं वढणी कमरंला खोचली. "चला गं!"

वेशीत रामलिंग पाटलाची जोडी पयल्या मानाची. अकरा दिवं आन् अकरा बाशिंगं येताना बगून हलगी थांबली. कुणीतरी खिदळलं. रामलिंग पाटील म्हातारा माणूस, त्यानं स्कुट्यांकडं बगितलं, मग फुडं चालत आलेल्या धुरपदाबाईकडं.

"बलभीमच्या दावणीची जागा तिसरी," त्यो मोठ्यानं म्हणला. "आजवर चुकली न्हाय. सरका रे मागं, जागा करा!"

हलगी अशी कडाडली म्हणता! पयली जोडी, दुसरी जोडी, आन् मागं धुरपदाबाई, पदर सावरत, ताठ मानंनं, तिच्यामागं हॉर्न वाजवत अकरा पोरी. रणधीरनं दोन पावलं धीर धरला, मग डोक्याचा रुमाल काढून हलगीफुडं नाचायलाच लागला.

राती त्यानं पोटभर पुरणपोळी खाल्ली, पुण्याचं नाव काढलं न्हाय. झोपताना धुरपदाबाई म्हणली, "मोटार गोठ्याच्या तोंडाला लावलीस ना?"

"व्हय. का?"

"सकाळी सहाच्या आत काढ. माझ्या पोरी येत्यात."