धुऱ्यावरची उपळसरी

माझी पत्नी हिंगोलीत वनस्पतिशास्त्र शिकवते. उपळसरी नावाच्या रानवेलीवर तिचं संशोधन चालू आहे. वैद्य हिला अनंतमूळ म्हणतात. वेल सुतळीइतकी बारीक, पानं अरुंद आणि मधोमध पांढुरकी रेघ. वेल पाहून कुणी थांबणार नाही. मूळ खरवडलं की मात्र गोड, जड वास येतो. एकदा हाताला लागला की दोनदा साबण लावूनही राहतो.

तिचा प्रश्न साधा होता. हा वास ज्या द्रव्यामुळे येतो, ते एकाच वेलीच्या मुळात वर्षभर सारखं असतं का, की ऋतूप्रमाणे कमीजास्त होतं? त्यासाठी त्याच त्या वेलींची मुळं पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तपासायची. प्रत्येक वेळी बोटभर तुकडा घ्यायचा, वेल मरू द्यायची नाही, तुकडा सावलीत वाळवून त्याचा अर्क काढायचा. कठीण होतं ते वर्षभर जागेवर राहतील अशा वेली शोधणं. शेताच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, आता तणनाशक फवारतात किंवा उन्हाळ्यात धुरे पेटवून देतात. फवारलेल्या धुऱ्यावर पुढच्या वर्षी बहुतेक गाजरगवत येतं. माळावर शेळ्या असतात, आणि डोंगरात मुळं खणून विकणारे आधी पोहोचलेले असतात.

मी वर्तमानपत्रातून निवृत्त झालो होतो आणि गाडी चालवायला मोकळा होतो. त्यामुळे शोधात मी बरोबर असे. बरीच गावं झाल्यावर सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या बाजूला, एका तांड्याजवळ तिला हवा तो धुरा सापडला. बैलगाडी जाईल एवढा रुंद. बोर, हिवर, शतावरी, घाणेरी, आणि त्यांच्या पायाशी जागोजाग उपळसरी. त्या एका पट्ट्यावर तिनं जेवढ्या जाती नोंदवल्या तेवढ्या आजूबाजूच्या सगळ्या शेतांत मिळून नव्हत्या.

कारण तासाभरात कळलं. धुऱ्याच्या दोन्ही बाजूंची शेतं दोन सख्ख्या भावांची होती आणि धुरा कुणाचा यावर त्यांचा दावा चालू होता. न्यायालयानं ‘जैसे थे’ ठेवायला सांगितलं होतं. एकानं फांदी जरी तोडली तरी दुसरा तक्रार करी, म्हणून कित्येक वर्षं त्या धुऱ्याला कुणाचा हात लागला नव्हता.

हे कळलं ते थोरल्या भावाकडून. पत्नी वेलींजवळ खुणेच्या खुंट्या ठोकत होती. तो शेतातून धावतच आला.

“म्याडम, कोनाच्या बाजूनं मोजून राहिल्या तुमी?”

जमीन नाही, झाडं मोजतेय, असं तिनं सांगितलं.

“झाडं मोजायला खुंट्या काहून लागतात?”

तोवर धाकटाही आला होता. तो धुऱ्याच्या पलीकडे उभा राहिला आणि भावाकडे न बघता माझ्याशी बोलला. “आमच्या भावाला शेतात बगळा उतरला तरी मोजणीवाला वाटतो, साहेब.”

दोघांची समजूत काढण्यात दुपार गेली. अखेर परवानगी मिळाली, पण अटीवर. मूळ काढताना दोघे हजर पाहिजेत. एका बाजूनं जेवढे तुकडे काढाल तेवढेच दुसऱ्या बाजूनं. संशोधनाच्या दृष्टीनं या अटीत वाईट काही नव्हतं. चहाही दोन्ही घरी घ्यावा लागे. थोरल्याकडे कमी साखरेचा आणि धाकट्याकडे जास्त साखरेचा, हे प्रमाण शेवटपर्यंत तसंच राहिलं.

त्यांची आई म्हातारी होती. दोघे तिला याडी म्हणत. तांड्यात आईला तसंच म्हणतात. ती एक महिना एका घरी जेवे, एक महिना दुसऱ्या. पत्नी मुळं खणायला बसली की ती जवळ येऊन बसायची, मूळ हातात घेऊन हुंगायची आणि परत द्यायची. आता पुन्हा कधी येणार, असं तिनं हिवाळ्यात विचारलं. तेव्हा पत्नीनं सांगितलं की अजून एकदाच, वैशाखाच्या उन्हात. तो नमुना मिळाला की काम पूर्ण.

पावसाळ्याचे अर्क तपासून झाले होते आणि हिवाळ्याचेही आले. दोन्हींत फरक दिसत होता. द्रव्य हिवाळ्यात वाढलं होतं. उन्हाळ्यात ते आणखी वाढतं की उतरतं, यावर सगळा निष्कर्ष अवलंबून होता. पान गळून गेल्यावर वेल मुळात काय साठवते, हे कुणीतरी नीट मोजून पाहावं अशी तिची बरीच वर्षं इच्छा होती.

होळीच्या आधी थोरल्याचा फोन आला. वाद मिटला होता. कारण आई होती. तिनं दोन्ही घरचं जेवण सोडलं आणि धुऱ्याच्या टोकाला लिंबाखाली तीन दगड मांडून स्वतःपुरती भाकर करायला सुरुवात केली. वाटेनं जाणारायेणारा तांडा ते बघे. आठवडाही निघाला नाही. पंचांसमोर दोघे बसले. धुरा काढून टाकायचा, मधे सरळ दगड रोवायचे, जमीन निम्मी निम्मी. जेसीबी ठरलं होतं. तुम्ही या, असं त्यानं आग्रहानं सांगितलं. त्याचा आवाज मी आधी कधी इतका मोकळा ऐकला नव्हता.

आम्ही गेलो तेव्हा दोघे भाऊ एकाच बाजेवर बसले होते. पेढे दिले. चहा एकाच घरी झाला. पत्नीनं अभिनंदन केलं आणि धुऱ्याकडे गेली. आई तिच्यामागे गेली, आणि मीही.

सकाळी निघताना पत्नीचा विचार विनंती करण्याचा होता. यंत्र दोन महिने थांबवता येईल का, एवढंच विचारायचं. गाडीत तिनं वाक्यही ठरवलं होतं. तिनं तोंड उघडायच्या आत म्हातारी बोलली.

“काल दोघं एका ताटात जेवले, बाई. लगनाच्या आधी जेवत व्हते तसे. धुरा ऱ्हायला तर पुन्हा भांडतील. आज निघू दे.”

पत्नीनं मान डोलावली.

थोरला यंत्रवाल्याला घेऊन आला. बाजूला उभा राहून त्यानं विचारलं, “म्याडम, तुमचं काम झालं ना समदं? न्हाई तर थांबवतो. यंत्र काय, कधीबी येतं.”

“झालं,” ती म्हणाली. “काढा धुरा.”

काम झालं नव्हतं. मी शेजारी उभा होतो. चुकीचं विधान कानावर आलं की दुरुस्त करणं हा माझा आयुष्यभराचा धंदा. ते मी केलं नाही.

धुरा निघायला वेळ लागला नाही. बोरी आडव्या झाल्या, हिवराची खोडं एका बाजूला ओढली गेली. नंतर यंत्राचा पंजा खालच्या मातीत शिरला आणि मुळं तुटायला लागली. वास एकदम आला आणि दोन्ही शेतांवर पसरला. चालकानं यंत्र थांबवून खाली वाकून पाहिलं. खाली अत्तराची बाटली फुटली का, असं त्यानं विचारलं. धाकटा म्हणाला, “आमच्या बापानं पुरून ठेवली व्हती. दोघाइला सांगितलंच न्हाई.” थोरला हसला. बराच वेळ हसला.

पत्नी उकरलेल्या मातीतून खुणेच्या वेली ओळखून मुळं वेचत होती. बरीच सापडली. ती तिनं वाळवली, तपासली. एका सहकाऱ्यानं सुचवलं की ऊन लागलंच होतं, याला उन्हाळ्याचा नमुना म्हणायला काय हरकत आहे. तिनं त्यावर फाल्गुन असंच लिहिलं. मार्गदर्शकांचं म्हणणं पडलं की यावरून निष्कर्ष निघत नाही. दुसरी जागा शोधून पावसाळ्यापासून सुरुवात करावी लागेल. तिचंही तेच म्हणणं होतं.

वैशाखात आम्ही औंढ्याच्या डोंगरात दोनदा हिंडलो. मिळालं ते खणून नेलेल्या मुळांचे खड्डे. परत येताना थोरल्याचा फोन आला. गाडी मी चालवत होतो, म्हणून पत्नीनं आवाज मोठा केला.

“म्याडम, याडी म्हणते तुमी त्या दिवशी खोटं बोलल्या.”

पत्नीनं फोन आणखी जवळ धरला.

“आमाला सांगायचं ना. थांबलो असतो.”

“थांबला असता,” ती म्हणाली. “आणि मग?”

“व्हय,” तो म्हणाला. “ते बी बराबर हाय.” मग त्यानं खरं काम सांगितलं. शिरड शहापूरच्या पुढं त्याची सासुरवाडी होती. तिथं एक धुरा होता, याच्याहून लांब. तो स्वतः जाऊन पाहून आला होता. वेल तीच, पानावर पांढरी रेघ, मूळ खरवडलं तर वास तोच.

“तिथं कुणी फवारत नाही का?” पत्नीनं विचारलं.

“कोन फवारल? दावा चालू हाय. आन् ते भाऊ न्हाईत, नुसते शेजारी हाईत. त्याइला कोनाची याडी सांगनार?”

पत्नी हसली. मग तिनं विचारलं, “आणि मिटलं तर?”

“मिटलं तं चांगलंच झालं,” तो म्हणाला. “मंग तिसरा धुरा पाहू.”

पावसाळ्यापासून आम्ही तिकडे जातो. हे लिहितो आहे तेव्हा हिवाळ्याचा नमुना आमच्या घरात सावलीत वाळतो आहे आणि खोलीत तो वास आहे. दोन्ही शेजारी अजून एकमेकांशी बोलत नाहीत. पत्नी दोघांकडेही चहा घेते, आणि वादाबद्दल कुणाला काही विचारत नाही.