सातनंबरचा पाय

बुटांच्या त्या दुकानात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. शेठपासून शेजारच्या घड्याळवाल्यापर्यंत सगळ्यांसाठी तो ‘सातनंबर’ होता. कारण साधं होतं. त्याचा पाय बरोबर सात नंबरचा होता. लांबी, रुंदी, चवडा, टाच, सगळं साच्यातून काढल्यासारखं. नवा माल आला की पहिला जोड त्याच्या पायात जाई. तो चार पावलं चाले आणि “अंगठ्याला दाबतोय” किंवा “टाच निसटतेय” एवढंच बोले. माल ठेवायचा की परत धाडायचा, ते तेवढ्यावर ठरे.

आणखी एक काम त्याच्याकडे होतं. गिऱ्हाइकाला आवडलेला सात नंबरचा बूट जरा घट्ट झाला की शेठ म्हणे, “काळजी सोडा. आमचा सातनंबर दोन दिवस वापरून देईल. लोण्यासारखा होईल.” मग सातनंबर मांडणीच्या मागे जाऊन मोजे काढी, तो बूट चढवी आणि दिवसभर दुकानातल्या गालिच्यावर फिरे. उघड्या पायाच्या उबेने कातडं लवकर नमतं, हे त्याला जुन्या कारागिरांनी शिकवलं होतं.

“तुमचा पाय दुकानाचा,” बायको म्हणे, “उरलेले तुम्ही आमचे.”

तो हसे. माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच. कुणाचा आवाज असतो, कुणाचं अक्षर असतं. याचा पाय होता.

त्याच पायाच्या अंगठ्याचं नख एकदा कडेने पिवळं दिसलं. ठेच लागली असेल, असं म्हणून त्याने सोडून दिलं. पिवळेपणा आत सरकला. नख जाड झालं आणि त्याखाली भुसा साचू लागला. कापायला गेलं की नेलकटर घसरे आणि जुनं शिंग तासावं तशी चूर पडे. शेजारच्या बोटांत खाज सुटू लागली.

त्याला पहिली आठवण झाली ती डॉक्टरची नाही, मोज्यांची. अंघोळीहून बाहेर येतानाच तो मोजे घालून येऊ लागला. झोपतानाही मोजे. बायकोने विचारलं तर, “वय झालं, पाय गार पडतात.”

खाज मात्र ऐकेना. तेव्हा तो लांबच्या एका मेडिकलमध्ये गेला.

“पाय दाखवा,” मेडिकलवाला म्हणाला.

“माझा नाही. मित्राचा आहे.”

“मग मित्राला पाठवायचं ना!”

“तो लाजतो.”

मेडिकलवाल्याने गालातल्या गालात हसत एक लाल ट्यूब पुढे केली. लावली आणि खाज जादूसारखी गेली. ट्यूब संपली तशी दुपटीने परतली. त्याने दुसरी आणली, मग तिसरी. पावलावर लाल कडेचे चट्टे नकाशासारखे पसरत गेले आणि घोट्याजवळची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली. नख होतं तिथेच होतं.

आणि या सगळ्या काळात घट्ट बूट येतच होते. तो मांडणीच्या मागे जात होता, मोजे काढत होता, बूट घालत होता. ‘नको’ म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

अशातच मुलीचं लग्न ठरलं. होणारा जावई तलावावर पोहायला शिकवणारा, उंचापुरा, मोकळा हसणारा. लग्नाचे बूट घ्यायला तो सासऱ्याच्याच दुकानात आला. सातनंबरने त्याचं पाऊल मोजायच्या पट्टीवर ठेवलं. सरकता खिळा साताच्या बराच पुढे जाऊन थांबला. सातनंबरने तो बोटाने हळूच मागे दाबला.

“सात!” तो शेठला ऐकू जाईल असं ओरडला. “आमच्या घरात सातच येणार!”

“चावतोय जरा,” जावई भीतभीत म्हणाला.

“चावू द्या. मी आहे ना.”

ते तपकिरी बूट त्याने मोठ्या मायेने वापरले. नेहमीपेक्षा जास्तच दिवस, उघड्या पायाने. लग्नात जावई ते घालून उभा राहिला तेव्हा सातनंबरचं लक्ष मंडपात कुठेच नव्हतं, फक्त त्या बुटांवर होतं.

वर्षभराने मुलगी आणि जावई राहायला आले. जावयाने दारात चप्पल काढली आणि फरशीवरून चालत आत आला. सातनंबरची नजर सवयीने पायांवर गेली आणि तिथेच खिळली. अंगठ्याचं नख कडेने पिवळं होतं.

जेवताना मुलीनेच विषय काढला. “बाबा, यांच्या नखाचं बघा ना काहीतरी. पोहायला येणाऱ्या मुलांच्या आयांनी तक्रार केली. मॅनेजर म्हणतो, डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही.”

“काठावर उभा राहून शिट्टी वाजवतो सध्या,” जावई हसला, पण पाय मांडीखाली ओढून घेतला. “पोरं विचारतात, सर, तुम्हाला पोहता येत नाही का?”

“तुमच्या न्हाणीघरात एक लाल ट्यूब दिसली,” मुलगी म्हणाली. “तीच लावू का यांना?”

सातनंबरने हातातला घास ताटात ठेवला. गप्प राहणं किती सोपं होतं! तलावावर ओल असते, तिथूनच आलं असेल, असं एक वाक्य बोललं असतं तरी भागलं असतं. पण ती ट्यूब जावयाच्या पायावर काय करील, हे त्या घरात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

“ती लावू नकोस,” तो म्हणाला.

“का?”

त्याने हात धुतले. खुर्चीवर बसला आणि मोजे काढले.

मुलीने तोंडावर हात ठेवला. जावई वाकून बघत राहिला, आधी सासऱ्याच्या पायाकडे, मग स्वतःच्या.

“लग्नाचे बूट,” सातनंबर खाली मान घालून म्हणाला, “मी असेच वापरले होते. मोज्याशिवाय. तेव्हा हे होतं.”

“आणि मला सांगितलं, पाय गार पडतात,” बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. “मोजे कोण धुतं या घरात? रोज चूर झटकते मी. म्हटलं, सांगतील कधीतरी.”

त्याला फरशीत गडप व्हावंसं वाटलं. एवढी लपवाछपवी केली, आणि जिच्यापासून लपवलं ती रोज ते हाताने झटकत होती.

दुसऱ्या दिवशी सगळे त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी दोघांच्या नखांची चूर खरवडून तपासायला पाठवली. दोन्हीकडे बुरशीच निघाली. ट्यूब बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“यात स्टेरॉइड आहे. खाज दबते, बुरशी मात्र आतल्या आत पोसते. कातडी पातळ झाली ती यानेच. कुणी सांगितलं लावायला?”

“मित्राने,” तो बोलून गेला, आणि बायकोने त्याच्याकडे असं बघितलं की तो लगेच म्हणाला, “मीच.”

गोळ्या काही महिने घ्यायच्या, मध्ये रक्त तपासायचं, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या. पायाचं नख सावकाश वाढतं, नवं पुरतं यायला वर्षही लागेल. जुने बूट टाकून द्यायचे आणि दुसऱ्याचे पायात घालायचे नाहीत.

“डॉक्टर, यांना माझ्यामुळेच झालं ना?”

“असेल. तलावावरूनही आलं असेल. कुणाचं कुणाला, हे मला सांगता येणार नाही. घट्ट बुटाने नख दुखावलं की बुरशीला वाट मिळते, एवढं मात्र खरं.”

‘तुमच्यामुळेच’ असं त्या म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

शेठला सांगणं त्याहून जड गेलं. शेठने ऐकून घेतलं, क्षणभर स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाला, “किती बूट वापरून दिलेस रे असे?” शेठ दिवसभर रागातच होता. नंतर त्याने बूट ताणायचा लाकडी साचा मागवला. घड्याळवाला त्या साच्यालाच सातनंबर म्हणू लागला. सातनंबर त्या विनोदाला हसत असे, सगळ्यांच्या नंतर.

बऱ्याच महिन्यांनी जावई दुकानात आला. तो पुन्हा पाण्यात उतरत होता. दोघांच्याही नखांच्या मुळाशी स्वच्छ, गुलाबी कोर आली होती.

“बाबा, बूट हवेत. लग्नाचे टाकले ना.”

सातनंबर गुडघ्यावर बसला आणि पट्टी पुढे ओढली. शेठ सवयीने ओरडला, “सातच ना?”

खिळा जिथे थांबला तिथून सातनंबरने बोट काढून घेतलं. मान वर न करता, पण शेठला ऐकू जाईल असं म्हणाला, “आठ. तेव्हाही आठच होता.”

बोटं मोकळी हलवून जावयाने पाऊल पुढे केलं, आणि सातनंबर आठ नंबरचा डबा आणायला उठला.